मांजराच्या नख्या

इंग्रजीतल्या काही शब्दांचा मला राग येतो, कारण ते फार सभ्य असतात. 'डीक्लॉ' हा त्यांतलाच एक. ऐकणाऱ्याला वाटते, मांजराची नखे काढायची, म्हणजे आपण जुम्म्याच्या दिवशी आंघोळीआधी काढतो तशी. फरक एवढाच की ती पुन्हा वाढणार नाहीत. मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते, त्यामुळे नवा शब्द समोर आला की दोन्हीकडे त्याचा जोडीदार शोधायची खोड लागली आहे. मराठीत माणसाची नखे आणि वाघ-मांजराच्या नख्या इतका फरक आपण करतो. उर्दूत नाखून वेगळे, पंजा वेगळा. पण मांजराच्या नख्या कायमच्या काढून टाकण्याला मला दोन्हीकडे एक शब्द मिळाला नाही. गरजच पडली नसावी.

आता पडू लागली आहे.

माझ्याकडे हा प्रश्न ह्यूस्टनहून आला. धाकटी बहीण तिथे चौदा वर्षे आहे. तिच्या घरी दीड वर्षाचा एक राखाडी बोका आहे, नाव बादशाह. भाचीने बाराव्या वाढदिवसाला हट्ट करून आणलेला. त्याच घरात बहिणीच्या सासूबाई राहतात. आम्ही सगळे त्यांना खालाअम्मा म्हणतो. मूळच्या सोलापूरच्या, वय ७६. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची झडप बदलली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभरासाठी मागे लागली. म्हातारपणी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते, त्यात ही गोळी; नुसते खरचटले तरी रक्त लवकर थांबत नाही.

एका संध्याकाळी मगरिबनंतर खालाअम्मा तस्बीह घेऊन बसल्या होत्या. हलणारी दोरी दिसली की मांजराला दुसरे काही सुचत नाही. बादशाहने झेप घेतली ती तस्बीहवर, पण नख्या उमटल्या त्या खालाअम्मांच्या मनगटावर. रक्त थांबेना, शेवटी इमर्जन्सीत न्यावे लागले. जखम लहानच होती, घाबरले मात्र सगळे घर. मेहुण्यांनी त्या रात्री सांगून टाकले, एक तर याच्या नख्या जातील, नाहीतर हा जाईल. भाचीने जेवण सोडले. बोक्याची नसबंदी करायची होतीच. दवाखान्याने त्याच्यासोबत पुढच्या दोन्ही पंजांच्या नख्या काढण्याचाही खर्च लिहून दिला. एकाच भुलीत दोन्ही कामे. बहिणीने तो कागद मला फोनवर पाठवला आणि म्हणाली, "आपा, इकडे पुष्कळ जण करतात. तू जरा वाच आणि सांग. दीनच्या बाजूनेही बघ."

मी वाचले. आधी शरीराचे सांगते, कारण बाकी सगळा वाद त्याच्यावर उभा आहे.

आपले नख बोटाच्या मांसावर बसलेले असते. मांजराची नखी तशी नसते. ती बोटाच्या अगदी शेवटच्या हाडातून उगवते, हाड आणि नखी यांचा सांधाच असा की एक ठेवून दुसरे काढता येत नाही. नुसती नखी उपटली तर ती पुन्हा येते. पुन्हा येऊच नये असे हवे असेल तर ते शेवटचे हाडच सांध्यातून कापून काढावे लागते. पुढच्या दोन पंजांना मिळून दहा बोटे, म्हणजे दहा सांधे कापायचे. काम पात्याने होते, कात्रीसारख्या हत्याराने होते, हल्ली लेझरनेही होते. लेझर म्हटले की आपल्याला काहीतरी आधुनिक आणि बिनदुखण्याचे वाटते. कापले जाते ते हाडाचे टोकच. तुमच्या हाताची दहाही बोटे पहिल्या पेरापासून गेली आहेत अशी कल्पना करा. आता त्याच हातांवर चालायचे आहे असे समजा, कारण मांजर माणसासारखे तळव्यावर चालत नाही, बोटांवर चालते.

हे वाचल्यावर तो दवाखान्याचा कागद मी पुन्हा काढून पाहिला. त्यावर बोटाचा उल्लेख कुठे नव्हता.

एक प्रश्न मला बराच वेळ छळत राहिला: हे तिकडेच का सुरू झाले? तिकडचे लोक काही क्रूर नाहीत. मांजराचा वाढदिवस करणारी, त्याच्या दातांचा विमा काढणारी माणसे ती. मला वाटते याचे उत्तर घरात आहे. १९४७ साली अमेरिकेत एडवर्ड लो नावाच्या माणसाने मांजराच्या शी-शूसाठी वाळूऐवजी सुक्या मातीचे दाणे विकायला काढले. त्याआधी मांजराला त्यासाठी तरी बाहेर सोडावे लागे. दाण्यांनी ती गरज संपवली आणि मांजर चोवीस तास घरात राहू लागले. घरात गालिचे, पडदे, सोफे. झाड नाही, कुंपण नाही, मातीची भिंत नाही. ओरबाडायला मांजराने जायचे कुठे? जे होते त्यावरच गेले. मग लोकांनी सोफा वाचवला आणि बोटे कापली. काही घरमालक तर भाडेकरूला अटच घालायचे की मांजर ठेवायचे तर नख्या काढून ठेवा. ती इतकी चालली की कॅलिफोर्नियाला कायदा करून घरमालकांना अशी अट घालण्यापासून रोखावे लागले.

आमच्या मिरजेच्या जुन्या घरात मांजर खराब करील असे काही नव्हतेच. ज्वारीची पोती, सुतळीची बाज, शेणाने सारवलेला सोपा. मांजर बाजेच्या पायाला नख्या घासायचे, दादी म्हणायच्या, "धार लावतंय." खरे तर ते धार लावत नसते. नखीवरचे जुने टरफल निघावे म्हणून, अंग ताणून मोकळे व्हावे म्हणून आणि पंजातल्या गंधाने 'ही जागा माझी' अशी खूण ठेवावी म्हणून मांजर ओरबाडते. त्याला ती सवय लागलेली नसते, ते त्याचे अंगच असते. आणि त्या काळी मांजर आमचे होते तरी कुठे? सकाळी आमच्याकडे, दुपारी सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत वाळत घातलेल्या भोपळ्यांच्या सावलीला, रात्री कुठे ते अल्लाला ठाऊक.

बहिणीला मी दीनचे बोलायच्या आधी खालाअम्मांच्या मनगटाचे बोलले. कारण तिथे भावनेने निर्णय घेऊन चालणार नव्हते. उद्या रक्तस्राव झाला तर मी मिरजेत बसून काय करणार? २०१८ साली प्राणिवैद्यकाच्या एका नियतकालिकात आलेला अभ्यास मी तिला पाठवला. त्यात नख्या काढलेली १३७ मांजरे आणि नख्या शाबूत असलेली १३७ मांजरे यांची तुलना होती. नख्या काढलेल्यांत पाठदुखी जास्त, ठरलेल्या जागेच्या बाहेर घाण करणे जास्त आणि, आमच्या कामाची गोष्ट म्हणजे, चावणे जास्त. निम्म्याहून अधिक मांजरांच्या पंजात कापलेल्या हाडाचे तुकडे राहून गेलेले दिसले. विचार केला तर यात आश्चर्य नाही. ज्याला ओरखडा काढून "दूर हो" म्हणता येत नाही, त्याच्यापाशी दातच उरतात. ज्याचा पंजा दुखतो तो दाण्यांच्या पेटीत पाय ठेवायला नाखूष असतो. आणि मांजराचा दात बारीक, सुईसारखा. आत खोल जातो, वरून जखम मिटते आणि आत पू होतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या म्हातारीसाठी ओरखड्यापेक्षा चावा कितीतरी वाईट. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णांना तर घरातले मांजर जपून हाताळायला सांगतात, पण त्यांच्यासाठीही अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेच्या मार्गदर्शक सूचना नख्या काढण्याचा सल्ला देत नाहीत.

म्हणजे ज्या कारणासाठी हे करायचे, तेच कारण यातून सुटत नाही. हे कळल्यावर बहिणीचा सूर बदलला.

आता दीनचे. मी आलिम नाही, बी.एड. झालेली मास्तरीण आहे, तेव्हा फतवा सांगत नाही. वाचले ते सांगते. मांजराचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच ती गोष्ट सांगतात: प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या बाहीवर मांजर झोपले होते आणि त्याची झोप मोडू नये म्हणून त्यांनी बाही कापली. मुलांना ती आवडते, मलाही आवडते, पण हदीसच्या प्रमाण संग्रहांत ती मिळत नाही, म्हणून वर्गात मी ती हदीस म्हणून सांगत नाही. जे मिळते ते कमी सुंदर नाही. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत हजरत अबू कतादा यांचा प्रसंग आहे. ते वजू करत होते, मांजर आले, त्यांनी भांडे तिरके करून त्याला पाणी पिऊ दिले. सून बघत राहिली. तेव्हा त्यांनी प्रेषितांचे सांगणे तिला ऐकवले की मांजर नापाक नाही, ते तुमच्याभोवती घरात फिरणाऱ्यांपैकी आहे. तिथे जो अरबी शब्द आला आहे तो तवाफच्याच धातूतला. फिरणारे, येणारे-जाणारे.

दुसरी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे, सगळ्यांना माहीत असलेली: एका बाईला मांजरामुळे शिक्षा झाली. आपण ती 'मांजराला उपाशी ठेवू नका' एवढ्यावर आणून ठेवतो. पण तिच्यात दोन गोष्टी आहेत. त्या बाईने मांजराला खायला दिले नाही, आणि त्याने स्वतः जमिनीवरचे किडूक-मिडूक पकडून खावे म्हणून सोडलेही नाही. म्हणजे मांजर ठेवणाऱ्यापुढे दोन वाटा आहेत, पोसा किंवा मोकळे सोडा. नख्या काढल्या की दुसरी वाट कायमची बंद होते. ते झाडावर चढू शकत नाही, उंदीर धरू शकत नाही, गल्लीतल्या कुत्र्यापासून सुटू शकत नाही. आज आपण पोसू. उद्या नोकरी गेली, घर बदलले, व्हिसा संपला? मी बहिणीला हेच विचारले. व्हिसाचे ऐकून ती गप्प झाली, कारण ती भीती तिच्या घरात बोक्यापेक्षा जुनी आहे.

शिवाय जनावराचे अवयव तोडून त्याला विद्रूप करणाऱ्याचा निषेध बुखारीत हजरत इब्न उमर यांच्याकडून आलेला आहे, आणि सूरह निसामध्ये जनावरांचे कान कापणे आणि अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करणे ही सैतानाची फूस म्हणून सांगितली आहे. त्याचा अर्थ किती ताणायचा यावर उलेमांत मते आहेत.

इथे दोन शंका येणार, त्या मला घरातच ऐकाव्या लागल्या. पहिली मेहुण्यांची: मग नसबंदी कशी चालते? तीही फेरफारच. शंका रास्त आहे आणि फिकहमध्ये तिच्यावर जुना वाद आहे. फायदा असेल आणि इजा टळत असेल तर परवानगी देणारेही त्यात आहेत. माझे स्वतःचे मत नसबंदीच्या बाजूने पडते, कारण पावसाळ्यात आमच्या शाळेच्या कंपाउंडशी पोत्यात बांधून टाकलेली पिल्ले मी उचलली आहेत. नसबंदीने मांजराचे आणि न जन्मलेल्या पिल्लांचे हाल टळतात. नख्या काढून मांजराचे काय टळते? काहीच नाही. फायदा सगळा आपला. दोन्ही गोष्टी एका कागदावर, एका भुलीत लिहून दिल्या म्हणून त्या एक होत नाहीत.

दुसरी शंका शेजारणीची. ती हसत म्हणाली, "टीचर, बकरी ईदला बकरा कापता आणि मांजराच्या नखांवर एवढं बोलता?" मला याचे वाईट वाटले नाही, प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा. मी तिला एवढेच सांगितले की बकरा विकत घेताना आम्ही त्याचे कान, डोळे, पाय तपासतो, कारण ज्याचा कान बराचसा कापलेला आहे, जो लंगडा किंवा आंधळा आहे तो कुर्बानीला चालत नाही. सुरी आधी धार लावून ठेवायची, जनावरासमोर नाही. जीव घेण्याची परवानगी आहे तिथेही इतक्या अटी आहेत. जिवंत ठेवून त्याला आपल्या सोयीपुरते कमी करत जाण्याची मोकळीक त्यातून निघत नाही. ती मान हलवून गेली. पटले की नाही ते माहीत नाही. सरबत मात्र पिऊन गेली.

लेखाच्या सुरुवातीला म्हटले की आपल्याकडे याला शब्द नाही. पण मांजर बाजूला ठेवले तर आपले हातही कोरे नाहीत. लहानपणी मिरजेच्या उरुसात दरवेशी यायचा, अस्वल घेऊन. दरवेशी म्हणजे आपल्यातलेच, मुसलमानच. अस्वलाच्या नाकातून दोरी ओवलेली. पाच पैसे दिले की मुलाला अस्वलावर बसवायचे, म्हणजे मूल घाबरत नाही. अजून पैसे दिले की त्याचा केस ताइतात घालायला द्यायचे. मीही बसले आहे. अब्बा म्हणायचे, "घाबरू नको, त्याला दात नाहीत." मला तेव्हा वाटायचे, काही अस्वले बिनदातांचीच असतात. पुढे वाचनात आले की पिल्लू असतानाच दात उपटतात, नख्या छाटतात. गारुड्याच्या नागाचेही तेच. विषाचे दात काढलेले, कधी तोंड शिवलेले, आणि आपण नागपंचमीला त्याच्यापुढे दूध ठेवायचो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बेकायदा झाले, तरी रस्त्यावरची अस्वले संपायला २००९ साल उजाडले. ज्या दरवेशांचे पोट त्यावर होते त्यांचे काय झाले हा वेगळा आणि मोठा विषय आहे. त्यांच्यावर बोट ठेवून आपण सुटू नये, कारण पैसे आपण टाकत होतो.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये पर्शियन मांजराच्या नख्या काढायच्या गोष्टी कुणी बोलू लागले की मला ते अस्वल आठवते. हत्यार काढून घ्यायचे आणि मग म्हणायचे, बघा किती गरीब आहे.

कायद्याचे थोडक्यात. न्यूयॉर्कने २०१९ साली बंदी घातली, अमेरिकेत असे करणारे ते पहिले राज्य. २०२२ साली मेरीलँड. मांजराच्या स्वतःच्या आजारासाठी, म्हणजे गाठ किंवा न बरा होणारा जंतुसंसर्ग असेल तर, बोट काढता येते, सोफ्यासाठी नाही. टेक्सासमध्ये राज्यभर लागू असा कायदा नाही, ऑस्टिन शहराने २०२१ मध्ये आपल्यापुरती बंदी केली. ब्रिटनमध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याखाली हे करता येत नाही. आणि आपल्याकडे? आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, ज्याच्यासाठी भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत झटल्या. त्याच्या ११ व्या कलमात जनावराला विद्रूप करणे हा गुन्हा आहे. अपवाद दिलेत ते शेतकऱ्याचे: शिंगे काढणे, खच्ची करणे, डाग देणे, वेसण घालणे. मांजराच्या बोटांचा अपवाद नाही. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत आज मांजराच्या खाण्याची एक लहान पुडी येते. तेव्हा कायद्याच्या धाकाने आपल्याकडे कुणी थांबेल अशी आशा मी ठेवत नाही.

मग बादशाहचे काय करायचे? डी.एड., बी.एड. झालेल्या माझ्या मित्रमैत्रिणींना थॉर्नडाईकचे मांजर आठवत असेल. १८९८ चा प्रयोग. पेटीत भुकेले मांजर, बाहेर मासा, आणि कडी निघेपर्यंत मांजराची धडपड. आम्ही तो 'प्रयत्न आणि प्रमाद' म्हणून पाठ केला आणि परीक्षेत लिहिला. त्याचे सार असे की ज्याचे फळ गोड, ते मांजर पुन्हा करते. मी बहिणीला म्हटले, ओरबाडू नको असे मांजराला शिकवता येणार नाही, पण कुठे ओरबाडायचे ते शिकवता येईल. शाळेत बाकावर नाव कोरणाऱ्या पोराला आपण फळा देतो, त्यातलाच प्रकार.

तिने जाड सुतळी गुंडाळलेला एक खांब आणला, मांजर उभे राहून पूर्ण ताणू शकेल इतका उंच आणि न डगमगणारा. डगमगला की मांजर पुन्हा त्याच्याकडे जात नाही. तो कोपऱ्यात न ठेवता सोफ्याच्या शेजारीच ठेवला. तिथे ओरबाडले की लगेच खाऊचा दाणा. सोफ्याच्या कडेला दोन बाजूंनी चिकटणारी पट्टी. दर दुसऱ्या रविवारी नख्यांची टोके कापायची. नख्यांवर चिकटवायच्या मऊ टोप्या मिळतात, त्याही तिने आणल्या. बादशाहने दोन दिवसांत चावून काढल्या. संध्याकाळी खालाअम्मांच्या वजिफ्याच्या वेळी भाची त्याला दुसऱ्या खोलीत दोरीच्या काडीने दमेपर्यंत खेळवते. रात्री खालाअम्मांच्या खोलीचे दार बंद. त्यांच्या उशाजवळच्या खणात रक्त थांबवणारी पट्टी आणि जाड कापूस. गेल्या तीन महिन्यांत एकदा ओरखडा उठला, दहा मिनिटे दाबून धरल्यावर थांबला. धोका शून्य झाला असे मी म्हणणार नाही. मेहुणे अजून बोक्याकडे बघून भुवया चढवतात.

आणि यातले काहीच जमले नसते तर? तर मी म्हटले असते, ओळखीत दुसरे घर शोधा, जिथे म्हातारे माणूस नाही. तिथले काही प्राणीडॉक्टर म्हणतात की नख्या काढल्या नाहीत तर मालक मांजर निवाऱ्यात टाकतील आणि तिथे ते मारले जाईल, त्यापेक्षा बोटे गेलेली बरी. या युक्तिवादाला मी हसून उडवत नाही. मरणापुढे बोटे लहानच. पण दोनच वाटा आहेत असे ज्याने ठरवले त्याला आधी विचारावे, मधल्या वाटांवर किती दिवस चाललास?

शेवटी ठरवले कुणी, तर खालाअम्मांनी. त्यांना कुणी विचारलेच नव्हते. इतके दिवस त्यांच्या मनगटावरून घरात वाद चालला होता आणि त्या ऐकत होत्या. त्यांना कागदावरचे इंग्रजी कळत नव्हते, म्हणून भाचीने मोडक्या दखनीत समजावून सांगितले, की दादी, बोटाचे हाड कापतात. खालाअम्मांनी स्वतःची बोटे समोर धरली, पेरांवर तस्बीह मोजतात ती बोटे, आणि म्हणाल्या, "नक्को गे. मेरे वास्ते नक्को." दखनीतला हा 'नक्को' आपल्या मराठी 'नको'चाच भाऊ, ह्यूस्टनमध्ये तो एवढा कामाला येईल असे वाटले नव्हते. त्यानंतर मेहुणे काही बोलले नाहीत.

इकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट राहिली. बाहेरच्या किंवा लस न दिलेल्या मांजराने ओरबाडले वा चावले तर आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचे विचारा. हळद आणि चुना लावून बसू नका. पाळलेल्या मांजराला दरवर्षी लस द्या. नख्यांच्या भीतीवरचा हा खरा इलाज.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी पांढरी पर्शियन मांजर आणली आहे. मुलीच्या आईने परवा मला गाठले. मोठीच्या जहेजसाठी हप्त्यावर घेतलेला सोफा, त्याच्या पाठीची मांजरीने चाळण केली होती. तिने मोबाईलवर बघितले होते की नखे कायमची काढता येतात, किती खर्च येतो? मी तिला आत बसवले. तिच्या तर्जनीचे शेवटचे पेर धरून दाखवले, इथून. तिने हात मागे घेतला.

रविवारी ती मांजर घेऊन आली. जुन्या ओढणीत गुंडाळून, फक्त एक पंजा बाहेर. बोटाला वरून-खालून हलके दाबले की नखी आपोआप बाहेर येते. आत गुलाबी रेघ दिसते ती जिवंत, तिच्यापुढचे पारदर्शक टोक तेवढे घ्यायचे. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण अठरा. अकरा निघाली, मग मांजरीने ओढणी सोडून कपाटावर उडी मारली. उरलेल्या सातांसाठी बुधवारी शाळा सुटल्यावर या म्हणून सांगितले आहे.